शेवटच्या दृश्यातल्या मेंढ्या

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास लॉर्ना गॉर्डनच्या फाटकाशी गाडीतून उतरली, तिने कुरणाकडे पाहिलं आणि तिला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या शेतावर आलो. पण उतार तोच होता. खाली नदी होती, वाऱ्याने कायमचं वाकलेलं ते एकुलतं झाड होतं, कुंपणाची लोंबणारी तारसुद्धा गेल्या रविवारी होती तिथेच लोंबत होती. मेंढ्या तेवढ्या त्या नव्हत्या. गेल्या रविवारी इथे सव्वाशे गुबगुबीत, मळकट, लोकरीच्या ओझ्याने धड चालताही न येणाऱ्या मेंढ्या चरत होत्या. आज तिथे सव्वाशे पांढऱ्याफटक, उघड्यावाघड्या, लांब मानेच्या मेंढ्या होत्या आणि त्या सगळ्या लॉर्नाकडे बघत होत्या.

शेताचा मालक गॉर्डन फाटकावर कोपरं टेकून उभा होता. एकाहत्तर वर्षांचा हा माणूस एरवी बायकोने फेकायला काढलेल्या स्वेटरमध्ये वावरायचा. आज त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"कशा दिसतायत?" त्याने विचारलं.

लॉर्ना डोळे विस्फारून मेंढ्या बघत होती. गॉर्डनला ते कौतुकच वाटलं.

"शुक्रवारी कातरून घेतल्या. कातरणाऱ्यांच्या टोळीची पाळी खरं तर पंधरा दिवसांनी होती. मी म्हटलं, माझ्याकडे सिनेमावाले येतायत, आधी माझं काम करा, बाकीच्यांचं नंतर. गेल्या रविवारी मला फार लाज वाटली, पोरी. सगळा गाव बघणार आणि आमच्या मेंढ्यांच्या ढुंगणाला शेणाचे गोळे."

"छान दिसतायत, गॉर्डन," लॉर्ना म्हणाली. दुसरं काय म्हणणार? पाहुणे येणार म्हणून माणूस घर सारवून ठेवतो, तसं त्याने केलं होतं. त्याला बोल लावायला जीभ रेटणं त्या भागात तरी शक्य नव्हतं. तिथे शेजाऱ्याने तुमच्या गाडीला धडक दिली तरी आधी तुम्हीच माफी मागता.

लॉर्ना गावच्या वाचनालयात कामाला होती आणि गेली दोन वर्षं दर रविवारी एक सिनेमा काढत होती. प्रेमाचा आणि हसण्याचा. पैसे जवळजवळ नव्हतेच, त्यामुळे गोष्ट हाताशी असेल त्यातून शिवावी लागली. टामा शाळेची बस चालवायचा, तेव्हा नायक बसचालक झाला. ब्रॉनी औषधाच्या दुकानात होती, म्हणून नायिकाही गोळ्या मोजू लागली. गावातल्या लग्नांचे फोटो काढणारी मेरेआना कॅमेऱ्यामागे आली, आणि तिच्या सवयीमुळे सुरुवातीच्या सगळ्या दृश्यांत माणसं केक कापायला उभी असल्यासारखी दिसली. मानधन कुणालाच नव्हतं. येताना प्रत्येकाने एक ताटली भरून काहीतरी आणायचं, दुपारी सगळ्यांनी मिळून खायचं, हाच सगळा व्यवहार. टामाची बायको तीन पोरांना घेऊन यायची, नवरा दुसरीवर प्रेम करताना बघत चीज रोल खायची आणि मधेच सांगायची, "टामा, ढेकर दिल्यासारखं नको बोलूस."

असले छोटे सिनेमे लॉर्नाला जिवापाड आवडत. मोठ्या सिनेमात नायिकेला रडायचं असलं की पाऊस हजर होतो, आणि नायक असा बोलतो की जन्मात त्याला शब्द शोधावा लागला नसेल. छोट्या सिनेमात स्वयंपाकघर कुणाच्या तरी मावशीचं असतं, हे तुम्हाला भांड्यांवरून कळतं. नायकाच्या बुटाची टाच एका बाजूने झिजलेली असते, कारण ते त्याचे स्वतःचे बूट असतात. आणि प्रेमात पडणारी माणसं औषधाच्या दुकानात तुमच्या पुढे रांगेत उभी असावीत अशी दिसतात. ते बघून लॉर्नाला वाटायचं, म्हणजे हे आपल्यासारख्यांचंही होऊ शकतं. एवढं वाटण्यासाठी ती कितीही वाईट उजेड सहन करायला तयार होती.

पण या रविवारी तिचा जीव टांगणीला लागला होता तो वेगळ्या कारणाने. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षापर्यंत लॉर्नाने काहीही धसास लावलेलं नव्हतं. परिचारिकेचा अभ्यास दीड वर्षावर सुटला. एका बाहीचा निळा स्वेटर सहा वर्षं टोपलीत पडून होता. एका वायरमनशी ठरलेलं लग्न आठ वर्षं ठरलेलंच राहिलं, आणि मग तो दुसऱ्या गावी बदली घेऊन गेला. तिची आई लोकांना मायेने सांगायची, आमची लॉर्ना सुरुवात फार छान करते. हे वाक्य लॉर्नाला एकदा तरी खोटं पाडायचं होतं. सिनेमा पुरा करायचा होता तो त्यासाठी. आता फक्त शेवटचं दृश्य उरलं होतं आणि हाच शेवटचा रविवार होता, कारण ब्रॉनी बुधवारी सकाळी कायमची समुद्रापार पर्थला चालली होती. तिथे तिचा होणारा नवरा वाट बघत होता.

दृश्य साधं होतं. नायिका गाव सोडून निघाली आहे. मेंढ्यांनी भरलेल्या कुरणात नायक तिला गाठतो. हा नायक म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांचा राजा. सबंध सिनेमाभर तो तिच्याशी हवामान, टायर आणि पोटदुखीच्या गोळ्या यांशिवाय एक अक्षर बोललेला नाही. ती विचारते, "तुला काही सांगायचंय का?" तो खूप वेळ गप्प राहतो आणि म्हणतो, "जाऊ नकोस." मग ती नुसतं "बरं" म्हणते. गेल्या रविवारी मेरेआनाने ब्रॉनीच्या बाजूचं सगळं टिपून घेतलं होतं, प्रश्नही आणि ते "बरं"सुद्धा. टामाकडे कॅमेरा वळवणार तेवढ्यात उजेड गेला. टामाची बाजू आज घ्यायची होती.

"म्हणजे तिच्या मागे लोकरवाल्या," मेरेआना हळूच म्हणाली, "आणि त्याच्या मागे ह्या, आंघोळीहून आलेल्या."

"दिसेल का?"

"लॉर्ना, आपल्या गावात लोक मेंढीची पाठ बघून महिना सांगतात."

टामाला मेंढ्या नसलेल्या बाजूला उभं करून पाहिलं, तर मागे गॉर्डनची खताची टाकी आली. जवळून नुसतं तोंड घेऊन पाहिलं, तर त्याच्या दोन्ही कानांमागून एकेक मेंढी डोकावू लागली. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, त्यातली ही जेमतेम दुसरी की तिसरी होती. शेवटी लॉर्नाच्या डोक्यात आलं की शेजारच्या नेव्हिलच्या मेंढ्या अजून कातरायच्या आहेत, त्यातल्या तीसचाळीस दोन तासांसाठी मागून आणाव्यात. अडचण एकच होती. गॉर्डन आणि नेव्हिल एकोणीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. नेव्हिलच्या एका मेंढ्याने कुंपणावरून उडी मारून गॉर्डनच्या कळपात बराच संसार थाटला होता, तेव्हापासूनचं ते होतं.

लॉर्नाने धीर गोळा करून गॉर्डनला सांगितलं की मेंढ्या इतक्या लख्ख झाल्या आहेत की कॅमेऱ्याचे डोळे दिपतायत. गॉर्डनचा चेहरा खुलला. तो स्वतःच म्हणाला, "मग नेव्हिलच्या आणा. त्याच्या मेंढ्यांच्या अंगावर चमक म्हणून सापडायची नाही."

नेव्हिलने हे आमंत्रण त्याच्या मेंढ्यांचा गौरव समजून घेतलं आणि तासाभरात चाळीस निवडक मेंढ्या ट्रकमध्ये घालून तो हजर झाला. मागचं दार उघडल्यावर लॉर्नाच्या ध्यानात आलं की लोकरीच्या नादात ती एक गोष्ट साफ विसरली होती. नेव्हिलच्या मेंढ्या काळ्या तोंडाच्या होत्या. ती "थांबा" म्हणेपर्यंत त्या उतरल्या, आणि एकोणीस वर्षांपूर्वीची ओळख असल्यासारख्या गॉर्डनच्या कळपात मिसळून गेल्या.

पुढचे दोन तास कळप वेगळे करण्यात गेले. गॉर्डनचा कुत्रा उजवीकडून हाकायचा, नेव्हिलचा डावीकडून, आणि मधल्या मेंढ्या बिचाऱ्या गोल फिरायच्या. दोन्ही मालक दहा पावलांवर उभे राहून लॉर्नाकरवी बोलत होते. गॉर्डन म्हणायचा, त्याला सांग कुत्रा आवर. नेव्हिल म्हणायचा, त्याला सांग, माझा कुत्रा निदान ऐकतो तरी. लॉर्ना दोघांच्या मधे गमबुटात धावत निरोप पोचवत होती आणि प्रत्येक निरोपातलं विष वाटेत गाळून टाकत होती. टामाची तिन्ही पोरं, त्याची बायको, ब्रॉनी, सगळे हात पसरून मेंढ्या अडवत होते. गॉर्डनची बायको एल्स्पेथ ताटलीभर गरम स्कोन, म्हणजे छोटे गोल पाव, घेऊन आली, तिने फाटकातून हा देखावा बघितला आणि ताटली झाकून ती तशीच उभी राहिली.

काळतोंड्या मेंढ्या परत ट्रकात चढल्या तेव्हा दीड वाजला होता. लॉर्ना गवतात बसली. आता हे होत नाही, असं तिच्या मनाने घेतलंच होतं. या भावनेशी तिची जुनी ओळख होती. तिच्यात एक प्रकारचा आरामही असतो, हे तिला ठाऊक होतं, आणि त्या आरामाचीच तिला भीती वाटायची.

टामा येऊन शेजारी बसला. दोन वर्षांत या माणसाने सिनेमाबद्दल स्वतःचं मत कधी दिलं नव्हतं. सांगाल तिथे उभा राहायचा आणि सांगाल ते घाईघाईने बोलून मोकळा व्हायचा.

"मी एक बोलू का?" तो म्हणाला. "हा माझा बसवाला. तिने विचारलं, काही सांगायचंय का. आता ह्याचा स्वभाव असा, की हा तोंड उघडेस्तोवर मेंढ्या कातरून होतील. मग होऊ देत की."

लॉर्नाने मेरेआनाकडे पाहिलं. मेरेआना उठून कॅमेरा लावायला लागली होती.

ब्रॉनीने कॅमेऱ्याच्या बाजूला उभं राहून प्रश्न विचारला. मेंढ्यांमागे धावून टामाला दम लागला होता, कपाळाला घाम होता आणि शर्टाला शेण. एरवी तो प्रश्न संपायच्या आत उत्तर देऊन टाकायचा. आज त्याला आधी श्वास घ्यावा लागला. त्याने ब्रॉनीकडे पाहिलं, खाली पाहिलं, मागे भादरलेल्या मेंढ्यांपैकी एक हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली, आणि मग तो अगदी साधेपणाने म्हणाला, "जाऊ नकोस." त्याच्या बायकोने हातातला रोल खाली ठेवला. मेरेआना थांबवायचंच विसरली, त्यामुळे पुढचं मिनिटभर टामा नाक पुसतानाही टिपला गेला.

आता राहिलं ब्रॉनीचं उत्तर. नायक कातरलेल्या मेंढ्यांत बोलला, तेव्हा उत्तरही कातरलेल्या मेंढ्यांतच हवं होतं. मेरेआनाने कॅमेरा उलटा फिरवायला घेतला. पाच मिनिटांचं काम. तेवढ्यात वारा पडला आणि लगेच दुसऱ्या दिशेने सुटला, गार आणि ओला. दक्षिणेला आभाळ शिशासारखं झालं होतं. गॉर्डनने वर पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"आत घ्यायला हव्यात," तो म्हणाला. "अंगावर काही नाही त्यांच्या. हा पाऊस लागला तर सकाळी निम्म्या मेलेल्या असतील."

"पाचच मिनिटं," मेरेआना लॉर्नाच्या कानाशी म्हणाली. "लॉर्ना, पाच मिनिटं दे. ब्रॉनी उभीच आहे."

लॉर्नाने मेंढ्यांकडे पाहिलं. त्या सगळ्या वाऱ्याकडे पाठ करून एकमेकींना बिलगल्या होत्या. पंधरा दिवसांनी अंगावरून उतरायची ती लोकर त्यांनी तिच्या सिनेमासाठी आधीच उतरवली होती. तिला रडू आलं, पण ते पुढे ढकलता येण्यासारखं होतं.

"कॅमेरा गाडीत टाक," ती म्हणाली. "आणि तू त्या बाजूने ये."

पाऊस आडवा आला. सगळ्यांनी मिळून मेंढ्या चढावरच्या शेडकडे हाकल्या. नेव्हिल निघाला होता, तो ट्रक तसाच ठेवून आपला कुत्रा घेऊन उतरला आणि न बोलता डाव्या बाजूला उभा राहिला. या वेळी दोन्ही कुत्र्यांचं छान जमलं. शेवटची मेंढी आत गेली तेव्हा ब्रॉनीच्या केसांतून पाणी गळत होतं आणि तिचा एक बूट चिखलात कुठेतरी राहिला होता. बाहेर कुरण दिसेनासं झालं होतं. शेडमध्ये मेंढ्यांच्या अंगाच्या वाफेत उभं राहून सगळ्यांनी स्कोन खाल्ले. सव्वाशे मेंढ्या मोजून झाल्या. गॉर्डन एकेकीच्या पाठीवरून हात फिरवत होता, आणि लॉर्नाशी नजर मिळवत नव्हता, कारण काय बिघडलं ते एव्हाना त्यालाही कळलं होतं.

पाऊस मंगळवार रात्रीपर्यंत थांबला नाही, आणि बुधवारी ब्रॉनी गेली. लॉर्ना वाचनालयाच्या मागच्या खोलीत सिनेमा जोडत बसली. शेवट "जाऊ नकोस"वर करावा असं मेरेआनाचं म्हणणं पडलं. लॉर्नाने तसं करून पाहिलं आणि तिला ते पटेना. उत्तर नसेल तर ती प्रेमाची गोष्ट कसली, तो नुसता अर्ज झाला. उत्तर होतं, छान होतं, पण ते जुन्या रविवारचं होतं. म्हणजे नायिका लोकरवाल्या मेंढ्यांत प्रश्न विचारते, नायक भादरलेल्या मेंढ्यांत बोलतो, आणि नायिका पुन्हा लोकरवाल्या मेंढ्यांत "बरं" म्हणते. टामाची युक्ती तिथेच पंक्चर होत होती. एका क्षणी लॉर्नाने सगळं मिटून ठेवलं. निळ्या स्वेटरची टोपली त्याच खोलीत होती, हे तिने पाहिलं नाही असं नाही. मग तिने पुन्हा उघडलं, चुकीचं "बरं" चुकीच्या जागी लावलं आणि खाली "समाप्त" लिहिलं. चुकीचा का होईना, शेवट होता.

तीन आठवड्यांनी, रविवारी दुपारी दोन वाजता, गावच्या सभागृहाच्या खिडक्यांना घोंगड्या लावून सिनेमा दाखवला. दारापाशी लांब टेबलावर ताटल्या मांडल्या होत्या. अख्खा गाव आला होता. लॉर्ना सगळ्यात मागे, दाराला खेटून उभी राहिली, म्हणजे वेळ आली तर बाहेर सटकता आलं असतं. लोक ओळखीच्या भांड्यांना हसले, स्वतःच्या कुत्र्यांना हसले, टामाच्या बसला टाळ्या मिळाल्या. तिला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. ती मेंढ्यांची वाट बघत होती.

पडद्यावर ब्रॉनीने विचारलं, "तुला काही सांगायचंय का?" तिच्यामागे गुबगुबीत मेंढ्या चरत होत्या. चित्र टामावर गेलं. तो गप्प. त्याच्यामागून भादरलेली मेंढी हळूहळू चालत गेली.

पुढच्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि पाठोपाठ सगळं सभागृह. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. "कातरणी झाली तरी हा गप्पच," कुणीतरी म्हणालं. मग टामा म्हणाला, "जाऊ नकोस," आणि हसू जागच्या जागी थांबलं. एवढी माणसं एकाच वेळी इतकी गप्प झालेली लॉर्नाने प्रार्थनेतही पाहिली नव्हती. आता ते येणार होतं. तिने दाराच्या कडीवर हात ठेवला.

पडद्यावर ब्रॉनी आली. मागे लोकर. भरगच्च, वर्षभराची लोकर. ती त्याच्याकडे बघत होती, आणि लोक तिच्याकडे नव्हे तर मेंढ्यांकडे बघत होते. पहिली हसली ती एक बाई. मग दुसरी. मग सगळ्या बायकांना एकदमच कळलं, आणि असा काही हशा उसळला की खिडकीवरची एक घोंगडी खाली आली. याने बोलायला कातरणी उलटेपर्यंत वेळ लावला, तर हिने उत्तर द्यायला पुन्हा लोकर वाढेपर्यंत त्याला ताटकळत ठेवलं. पुरतं एक वर्ष. "बरं," ब्रॉनी म्हणाली, पण ते कुणालाच ऐकू आलं नाही. ऐकू यायची गरजही उरली नव्हती. टामाची बायको डोळे पुसत होती, आणि ते हसण्याचंच पाणी होतं असं खात्रीने सांगता येत नव्हतं.

"समाप्त" ही अक्षरं पडद्यावर आली. लॉर्ना ती शेवटपर्यंत बघत राहिली. आपण काहीतरी पुरं केल्यावर असं वाटतं, हे तिला माहीत नव्हतं. मग तिने कडीवरचा हात काढला.

चहाच्या टेबलाशी लोक येऊन तिचा हात दाबत होते. मेंढ्यांची कल्पना कशी सुचली, असं जो तो विचारत होता. ते मुद्दाम केलेलं नव्हतं, असं सांगायला ती तोंड उघडायची, पण पुढचा माणूस आलेला असायचा. गॉर्डन टेबलाच्या टोकाला मान खाली घालून बसला होता. लोक त्याच्याही पाठीवर थाप मारून जात होते आणि त्याला त्याचा अर्थ नीट लागत नव्हता. एल्स्पेथ कप घेऊन लॉर्नाजवळ आली.

"त्या मुलीने बरोबर केलं," ती म्हणाली. "माणूस इतका वेळ लावतो तर आपण का घाई करायची? मी ह्याला दोन लोकरी थांबवलं होतं."

गॉर्डन चहात बिस्किट बुडवत होता. त्याने मान वर केली नाही.

"तीन," तो म्हणाला.